शँबल्स चौकातील ‘ओल्ड वेलिंग्टन’: सांगाडा हलवल्यावर इमारत जुनी राहते का?

मुठाकाठ:

नमस्कार. मी गेली चार वर्षे कामानिमित्त मँचेस्टरला राहतो. गेल्या महिन्यात आई-बाबा पुण्याहून आले होते. एका दुपारी कॅथीड्रल पाहून झाल्यावर आम्ही जवळच्या शँबल्स चौकातील ‘ओल्ड वेलिंग्टन’ या पबमध्ये जेवायला बसलो. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांचे लक्ष ताटाकडे कमी आणि डोक्यावरच्या तुळईकडे अधिक होते. शेजारच्या खांबावर त्यांनी बोटाच्या पेराने दोनदा टकटक केले, खांब आणि तुळई जिथे मिळतात ती जागा चष्मा वर करून बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाले, “यात खिळा कुठे दिसत नाही रे.”

मी त्यांना माहीत होता तेवढा इतिहास सांगितला. ही इमारत १५५२ सालची आहे. १५ जून १९९६ रोजी आयआरए (आयरिश रिपब्लिकन आर्मी) या सशस्त्र संघटनेने मँचेस्टरमध्ये घडवलेल्या बॉम्बस्फोटात तिची हानी झाली. तिची दुरुस्ती झाली, परंतु नंतर शहराच्या मध्यभागाची नव्याने आखणी करताना ती सोडवून सुमारे तीनशे मीटर दूर, सध्याच्या जागी पुन्हा उभी करण्यात आली आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये खुली झाली. हे ऐकल्यावर बाबांनी जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर मला देता आले नाही. ते म्हणाले, “पाया १९९९ चा, जागा १९९९ ची, मग १५५२ चे राहिले काय? आपल्याकडे वाडा पाडल्यावर त्याचे खांब विकत घेऊन बंगल्याच्या दिवाणखान्यात उभे करतात, म्हणून त्या बंगल्याला कोणी वाडा म्हणते का?”

इथे वास्तुशास्त्र जाणणारी मंडळी आहेत म्हणून विचारतो. एवढी मोठी इमारत सोडवून पुन्हा जोडणे शक्य कसे होते, आणि जोडल्यानंतर तिला जुनी म्हणणे कितपत योग्य आहे?

तळखडा:

आपल्या बाबांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या उत्तराची सुरुवात त्यांनीच खिळ्याविषयी केलेल्या निरीक्षणात आहे. मी इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या जतनाचे काम करते, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, याबद्दल आधीच क्षमा मागते.

अशी इमारत सुतार आधी जमिनीवर आडवी जोडून पाहत असे आणि मगच जागेवर उभी करत असे. ओकचे झाड तोडल्यावर ते वाळण्याची वाट पाहण्याची पद्धत नव्हती, कारण पूर्ण वाळलेला ओक इतका कठीण होतो की हातच्या हत्यारांनी त्यात खाचा पाडणे फार जिकिरीचे असते. लाकूड ओले असतानाच कुऱ्हाडीने तासून चौरस करत, मोकळ्या आवारात एकेका भिंतीचा सांगाडा मांडत आणि एक लाकूड दुसऱ्यावर प्रत्यक्ष ठेवून खुणा करत. झाडाला बाक असेल तर लाकडालाही बाक येई, त्यामुळे कोणतेही दोन सांधे तंतोतंत सारखे नसत. एका लाकडाची कुसू (टोकाशी तासून काढलेली जीभ) तिच्यासाठी कोरलेल्या खाचेतच नीट बसे, दुसरीकडे बसत नसे. ही गफलत होऊ नये म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना पटाशीने एकच अंक कोरत. हे अंक बहुधा रोमन असत, कारण सरळ रेघा लाकडात कोरायला सोप्या जातात. शाळेत शिकवतात तसा पाचाच्या आधी एक रेघ लिहून केलेला ‘चार’ मात्र इथे क्वचितच दिसतो. सुतार सरळ चार उभ्या रेघा ओढून मोकळे होत.

सांधा जागेवर बसवल्यावर आरपार भोकात ओकचीच खुंटी ठोकत. यातली खुबी अशी की कुसूमधले भोक खाचेच्या भोकाशी मुद्दाम किंचित हुकवलेले असे. खुंटी आत जाताना ती कुसूला ओढून घेते आणि सांधा घट्ट होतो. पुढे काही वर्षांत ओले लाकूड वाळते, आकसते आणि वाकते. जुन्या पबांच्या वरच्या मजल्यावर जमिनीला जो उतार जाणवतो आणि खिडक्यांच्या चौकटी तिरक्या दिसतात, त्याचे एक मोठे कारण हे वाळणे आहे. लोक त्याला पायाचा दोष समजतात. लोखंडाचा खिळा टाळण्यामागेही कारण आहे. ओकमधील टॅनिनमुळे लोखंड गंजते, आणि लाकूड त्या जागी काळे पडते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. जी वस्तू अंक घालून जोडली, ती त्याच अंकांनी सोडवताही येते. खुंट्या ठोकून बाहेर काढायच्या, लाकडे उलट्या क्रमाने उतरवायची, प्रत्येकावर नवे बिल्ले लावायचे आणि नकाशाबरहुकूम पुन्हा उभी करायची. विटांची किंवा दगडाची भिंत अशी सोडवली तर हाती साहित्य उरते. इथे रचना हातात राहते. ससेक्समधील सिंगलटन येथील वील्ड अँड डाउनलँड हे खुले संग्रहालय मुख्यतः अशाच हलवलेल्या इमारतींचे बनलेले आहे. त्यातले ‘बेलीफ’ हे केंटमधील पंधराव्या शतकातले शेतकरी घर बॉ बीच जलाशयाच्या पाण्यात जाणार होते, म्हणून सोडवून तेथे आणले. धरणाखाली घरे जाणे आपल्याला नवे नाही. पण त्यातले किती वाडे कोणी असे उतरवून घेतले? त्या संग्रहालयात एका खांबावर कोरलेल्या अंकावरून मी बोट फिरवून पाहिले होते. रेघेचा एक काठ गुळगुळीत झाला होता, दुसरा अजून नखाला अडत होता.

‘ओल्ड वेलिंग्टन’विषयी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९९९ हा तिच्या आयुष्यातला पहिला मोठा धक्का नव्हता. १५५४ मध्ये ती बायरम घराण्याने विकत घेतली. त्यांचा कापडाचा व्यापार होता, आणि राहणे व धंदा दोन्ही या इमारतीत चाले. कवी आणि लघुलिपीकार जॉन बायरम यांचा जन्म इथलाच, १६९२ सालचा. तिसरा मजला सतराव्या शतकात चढवला. म्हणजे सुरुवातीची सुमारे पावणेतीनशे वर्षे ही इमारत पब नव्हतीच. दारूचा परवाना मिळून १८३० मध्ये ‘व्हिंटनर्स आर्म्स’ सुरू झाले, नंतर ‘केन्यन व्हॉल्ट्स’ असे नाव आले, १८६५ पर्यंत तळमजल्याला ‘वेलिंग्टन इन’ म्हणू लागले आणि वरच्या मजल्यांवर गणिती व प्रकाशीय उपकरणे बनवणारे कारागीर काम करू लागले. पुढे १८९७ मध्ये वर मासेमारीच्या साहित्याचे दुकान होते. १९७० च्या दशकात शेजारी काँक्रीटचे व्यापारी संकुल उभे राहिले, तेव्हा नव्या पातळीशी जुळवण्यासाठी खाली काँक्रीटची बैठक घालून अख्खी इमारत १.४५ मीटर वर उचलली गेली. ज्या मूळ पायाविषयी बाबा हळहळत आहेत, त्याची आणि इमारतीची ताटातूट तेव्हाच झाली होती.

इमारत न सोडवता अखंड हलवल्याचेही उदाहरण आहे. एक्सेटर शहरात १९६१ मध्ये रस्त्याच्या आड येणारे एक मध्ययुगीन लाकडी घर चाकांवर चढवून, जसेच्या तसे चढणीवरून ओढत नेले आणि नव्या जागी ठेवले. ते आजही ‘हललेले घर’ म्हणूनच ओळखले जाते.

कारवी:

वरील प्रतिसाद फार माहितीपूर्ण आहे. मी वास्तुतज्ज्ञ नाही, पण काळ्या चौकटींच्या मधली पांढरी भिंत नेमकी कशाची असते याविषयी माझे थोडे सांगणे आहे, कारण ती पाहून मला सिंधुदुर्गातले आमचे घर आठवले होते.

इंग्लंडमध्ये एका लहान गावात दुरुस्तीला काढलेल्या जुन्या घराचा एक चौकोन उघडा पाहण्याचा योग आला होता. वरच्या आणि खालच्या आडव्या लाकडांत ओकच्या उभ्या पट्ट्या अडकवलेल्या होत्या, त्यांतून हेझेल नावाच्या झुडपाच्या लवचिक काठ्या आडव्या विणलेल्या होत्या आणि त्या विणीवर दोन्ही बाजूंनी माती, पेंढा आणि शेण कालवून थापलेले होते. वर चुन्याचा गिलावा होता. थोडक्यात, तो कूड होता! आमच्याकडे हेझेलऐवजी कारवीच्या काठ्या असतात, इतकाच काय तो फरक. थापताना अंगठ्याने दाबल्याच्या खुणा मातीत तशाच राहिलेल्या दिसत होत्या, आणि आमच्या आजीच्या हातचे लिंपण असेच दिसे.

एक अनुभवाचे बोल. गावच्या घराला आम्ही हौसेने बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला आणि चौथ्या पावसाळ्यात कोपऱ्यातल्या खांबाचा बुंधा भुसभुशीत झाला. चुना आणि माती ओल घेतात आणि सोडतात. सिमेंटच्या बारीक भेगेतून आत गेलेले पाणी मात्र लाकडापाशीच मुरते. त्या दुरुस्ती करणाऱ्या इंग्लिश कारागिराने हीच तक्रार तिथल्या घरांविषयी केली, तेव्हा मला उगाच थोडे बरे वाटले.

चौसोपी:

तळखडा यांच्या तांत्रिक विवेचनाशी माझा वाद नाही, मात्र त्यांच्या निष्कर्षाशी आहे. सांगाडा सोडवता येतो म्हणून इमारत हलवता येते, इथपर्यंत ठीक. परंतु इमारत म्हणजे केवळ सांगाडा नव्हे. ‘शँबल्स’ या शब्दाचा जुना अर्थ मांसविक्रीचे बाक, आणि पुढे मांसबाजार, असा आहे. यॉर्कमधील प्रसिद्ध गल्लीचे नावही त्यावरूनच आले. बायरम मंडळींचे घर बाजाराला लागून होते, म्हणून तिथे दुकान होते, आणि बाजाराची वर्दळ होती म्हणून पुढे पब चालला. आज बाजार नाही. मूळ जागी शेजारची ‘सिंक्लेअर्स ऑयस्टर बार’ आणि ‘ओल्ड वेलिंग्टन’ या एका रांगेत होत्या, त्या नव्या जागी काटकोनात बसवल्या आणि मधला सांधा नव्या बांधकामाने भरला. त्यामुळे समोर जे अंगण तयार झाले आहे ते सुखद आहे, उन्हाळ्यात तिथे बसायला जागा मिळत नाही, पण तसे अंगण सोळाव्या शतकात नव्हते. पाहणाऱ्याला मात्र ते जुनेच वाटते, आणि माझा आक्षेप नेमका त्याला आहे.

याच्याशी लंडनमधल्या सदर्कच्या ‘जॉर्ज इन’ या जुन्या सराईची तुलना करावी. १६७६ च्या आगीत जुनी इमारत जळाली आणि लगेच त्याच जागी लाकडी सज्जांची नवी इन बांधली गेली. ती पहिल्यापासून प्रवाशांसाठीच होती: घोडागाड्या चौकात शिरत, सामान उतरे आणि पाहुणे सज्जांवरून आपापल्या खोलीत जात. १८७४ मध्ये ती रेल्वे कंपनीकडे गेली आणि १८८९ मध्ये तिच्या दोन बाजू गोदामांसाठी पाडण्यात आल्या. १९३७ पासून ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. आज एकच बाजू उरली आहे, तरी तुम्ही चौकात उभे राहिलात की गाडी कुठून येत असेल आणि कुठे वळत असेल हे पायांना कळते. मला एका जागी राहिलेली एक तृतीयांश इमारत, दुसरीकडे नेलेल्या अख्ख्या इमारतीपेक्षा अधिक खरी वाटते.

मुठाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. ते चौसोपी यांच्या बाजूने झुकले आहेत, पण १.४५ मीटरच्या उचलण्याचा विषय निघाल्यावर त्यांनी कागदपेन्सिल घेतली आणि जॅक कुठे लावले असतील याचा अंदाज बांधत बसले.

दोन उपप्रश्न आहेत. पहिला, लाकूड काळे रंगवण्याची पद्धत मुळापासूनची आहे का? दुसरा, दुसऱ्या एका गावातील जुन्या पबमध्ये आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगण्यात आले की त्यांच्या तुळया मोडीत काढलेल्या जहाजाच्या आहेत, आणि पुरावा म्हणून तुळईतल्या रिकाम्या खाचा दाखवण्यात आल्या. हे खरे मानावे काय?

तळखडा:

जहाजाची कथा इंग्लंडमधल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या पबमध्ये ऐकायला मिळते, अगदी समुद्रापासून दूर असलेल्या गावांतही, आणि बहुतेक वेळा ती निराधार असते. बैलगाडीने जहाजाचे वाळलेले, वाकडे लाकूड आणण्यापेक्षा जवळच्या रानातला ओला ओक स्वस्त आणि कामाला सोपा होता. रिकाम्या खाचांचे कारण बहुधा घरगुती असते: तिथे पूर्वी एखादी आडभिंत होती ती काढून टाकली, किंवा ते लाकूड आधी दुसऱ्या घरात होते. लाकूड वाया घालवणे कोणालाच परवडत नव्हते. गंमत अशी की जिथे ही कथा खरी आहे ती इमारत मुळीच जुनी नाही. लंडनमधले ‘लिबर्टी’ हे दुकान १९२४ मध्ये जुन्या शैलीची नक्कल करून बांधले आणि त्यासाठी ‘इम्प्रेग्नेबल’ आणि ‘हिंदुस्तान’ या दोन युद्धनौकांचे लाकूड वापरले.

काळ्या रंगाविषयीचे उत्तर इंग्लंडच्या प्रत्येक भागात वेगळे आहे. इंग्लंडच्या वायव्य आणि पश्चिम भागांत, म्हणजे चेशर, लँकेशर आणि श्रॉपशरमध्ये, तिरक्या लाकडांची नक्षी मुद्दाम दिसावी अशीच रचलेली असे, यात शंका नाही. परंतु तिथेही ओक पुष्कळदा उघडाच सोडलेला असे आणि उन्हापावसात तो रुपेरी करडा होई. काही ठिकाणी लाकूड आणि भिंत दोन्हींवर एकच चुन्याचा हात फिरवलेला असे, तर काही ठिकाणी मधली भिंत पिवळसर मातीच्या रंगाची असे. डांबर किंवा काळा रंग फासून करकरीत काळे-पांढरे रूप देण्याची हौस प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातली आहे. चेशरमधील ‘लिटल मोर्टन हॉल’ या प्रसिद्ध घराचा काळा रंगही व्हिक्टोरियन काळातलाच. चेस्टर शहरात तर ज्या इमारती पाहून प्रवासी मध्ययुगात गेल्यासारखे हरखतात, त्यांतल्या बऱ्याचशा त्याच शतकातल्या आहेत.

आता चौसोपी यांच्या आक्षेपाविषयी. जागा हा इमारतीचा भाग आहे हे मला पूर्ण मान्य आहे, आणि सांगाडा सोडवताना मातीच्या भिंती, गिलावा आणि जमिनी सहसा वाचत नाहीत, हेही कबूल केले पाहिजे. कारवी यांनी पाहिलेल्या त्या अंगठ्याच्या खुणा अशा स्थलांतरात पहिल्यांदा जातात. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी जी संस्था काढली, तिचा आग्रहसुद्धा हाच होता की इमारत आहे तिथे, आहे तशी सांभाळावी. खांबाचा बुंधा कुजला तर तेवढाच कापून नव्या ओकचा तुकडा जोडावा आणि तो नवा आहे हे लपवू नये. म्हणून स्थलांतर हा शेवटचा उपाय मानतात.

तरीही ‘ओल्ड वेलिंग्टन’च्या बाबतीत माझे मत बदलत नाही. तिची जागा १९९९ मध्ये हिरावली गेली असे आपण धरून चाललो आहोत. वास्तविक तिचा बाजार त्याआधीच उठला होता आणि १९७० च्या दशकापासून ती चारी बाजूंनी काँक्रीटने वेढलेल्या चौकात, उंचावलेल्या बैठकीवर उभी होती. आपल्या बाबांच्या उदाहरणातला दिवाणखान्यातला खांब छताचा भार घेत नाही, तो शोभेचा आहे. इथला खांब त्याच तुळईचा भार त्याच सांध्यातून वाहतो आहे, आणि सांध्यावरचा अंक अजून जोडीदाराशी जुळतो. ‘जॉर्ज’च्या चौकात जे पायांना कळते ते इथे कळत नाही, हे चौसोपी यांचे म्हणणे मात्र मी खोडून काढू शकत नाही.

चौसोपी:

भार वाहणाऱ्या खांबाचा मुद्दा मान्य. अंगणाचा आक्षेप कायम.

मुठाकाठ:

बाबा परत गेले. काल फोनवर त्यांनी वेगळाच विषय काढला. आमच्या आळीतला शेवटचा वाडा काही वर्षांपूर्वी उतरवला तेव्हा त्याचे सागवान घनफुटावर विकले गेले. उतरवणाऱ्यांनी लाकडांवर खडूने आकडे घातले होते, ते मापाचे होते, जागेचे नव्हते, असे त्यांना आता आठवते. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना सिंगलटनचे संग्रहालय पाहायचे आहे. तिथे कसे जावे आणि कोरलेले अंक शोधण्यासाठी काय करावे?

तळखडा:

चिचेस्टरपर्यंत रेल्वेने जावे, तिथून बस मिळते. सोबत लहान टॉर्च ठेवावा आणि तो लाकडावर समोरून न मारता अगदी चिकटवून आडवा धरावा. समोरच्या उजेडात जिथे काहीच दिसत नाही, तिथे तिरक्या उजेडात रेघांच्या सावल्या उठतात. खांब आणि तिरक्या आधाराच्या सांध्यापासून सुरुवात करावी, कारण ते डोळ्यांच्या उंचीवर असतात. मात्र सांगाड्याच्या दोन्ही बाजू पाहाव्या लागतील. सुतार आवारात ज्या अंगावर उभा राहून खुणा करी, अंक बहुधा त्याच अंगावर असतात.